आमची दुकाने चालतात, त्यांची धावतात

‘माय फादर वॉक्स अ शॉप.’ फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवू लागून दोन-तीन वर्षे झाली होती, तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने आपल्या कुटुंबाविषयी लिहिलेल्या दहा ओळींतली ही तिसरी ओळ. त्याच्या वडिलांचे बाजाराच्या कोपऱ्यावर छोटेसे किराणा दुकान होते. आम्ही घरच्या कोकणीत त्याला पसरो म्हणतो. मी ‘वॉक्स’वर लाल रेघ ओढली, वर ‘रन्स’ असे लिहिले आणि पुढची वही हाती घेतली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. ‘‘टीचर, रन म्हणजे धावणे ना? मग पप्पा दुकान कसे धावतील?’’ मी त्याला सांगितले की इंग्रजीत असेच म्हणतात. तो मान हलवून गेला.

‘असेच म्हणतात’ हे खोटे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. त्या मुलाने निष्काळजीपणा केला नव्हता. दुकान चालते, बाबा ते चालवतात, आणि चालणे म्हणजे वॉक हे त्याला पहिल्या इयत्तेपासून ठाऊक होते. दोन पायऱ्या तो बरोबर चढला होता. तिसरी पायरी तिथे नव्हती, आणि ती का नव्हती हे सांगणे माझे काम होते. ते काम मी त्या दिवशी केले नाही. पुढे सव्वीस वर्षे शिकवताना आणि आता निवृत्तीनंतरही ‘रन’ या एका क्रियापदासाठी मी एक वेगळी वही ठेवत आले आहे, आणि त्या वहीतले जे मला खात्रीने सांगता येते ते आज इथे लिहीत आहे.

गोव्यातल्या मराठी शाळेत येणारे मूल क्रियापदांच्या बाबतीत तसे अननुभवी नसते. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी, अशा तीन भाषांत त्याची जीभ घडते. कोकणीत ‘पळय’ म्हणजे बघ, आणि मराठीत ‘पळ’ म्हणजे धाव. बालवाडीच्या अंगणात मराठी बाईंनी ‘पळा, पळा’ म्हटल्यावर जागच्या जागी उभे राहून इकडेतिकडे बघणारी मुले मी पाहिली आहेत. एका आवाजाला दोन घरांत दोन अर्थ असू शकतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांना अडचण येते ती एकाच घरात एका शब्दाचे शेकडो अर्थ निघतात तेव्हा.

‘शेकडो’ हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे भाग १८८४ पासून निघू लागले आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पुरी झाली. १९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि तिच्यात ४३० अर्थ दिलेले होते. २०११ मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने तयार झाली आणि तिने ‘सेट’ला कितीतरी मागे टाकले. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ त्या नोंदीत आहेत, नामाचे वेगळे. पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका नोंदीवर सुमारे नऊ महिने काम करावे लागले. तीन अक्षरांच्या एका शब्दासाठी एका जाणत्या माणसाच्या आयुष्यातले नऊ महिने, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि वर्ग नेहमी एकदम शांत होत असे.

पण ६४५ हा आकडा विद्यार्थ्याला घाबरवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. कोणताही इंग्रज माणूस डोक्यात ६४५ खण घेऊन फिरत नाही. त्याच्या मनात एक चित्र असते, आणि ते चित्र कोणत्या शब्दाशेजारी ठेवले आहे त्यावरून तो अर्थ ओळखतो. आपण मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद तसेच वापरतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, गावात नाटक लागते, मुलीचे लग्न लागते, आंबा गोड लागतो आणि पणजीला जायला एक तास लागतो. यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की इंग्रज माणसाच्या मनातले ‘रन’चे ते चित्र कसले आहे. आपल्या शालेय पुस्तकांनी ते चित्र अर्धी चड्डी घालून धावणाऱ्या मुलाचे काढले, आणि माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच झाली.

या शब्दाचे मूळ पाहिले तर पायांइतकेच, किंबहुना जास्तच, पाणी दिसते. जुन्या इंग्रजीतले ‘रिन्नन’ हे क्रियापद वाहण्यासाठीही वापरले जाई. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘रिन्नेन’ आजही वाहणे, ठिबकणे याच अर्थाने जिवंत आहे. त्या बाजूने पाहिले की ‘रन’चे कितीतरी वापर आपोआप जागेवर बसतात. नदी रन होते, नळ रन होतो, सर्दीने नाक रन होते, कच्च्या रंगाचा कपडा धुताना रंग रन होतो, मेणबत्तीचे मेण रन होते. मराठीत आपण या प्रत्येकासाठी वेगळा शब्द योजतो आणि ते शब्द फार नेमके आहेत. नदी वाहते, नळाला पाणी येते, नाक गळते, कपडा रंग सोडतो, मेण ओघळते, आणि जूनमध्ये कौलांच्या कडेवरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्याला तर आपण पागोळ्या असे नावच देऊन ठेवले आहे. इंग्रजीने या सगळ्यांतले समान सूत्र धरले, आपण त्यांतले भेद धरले. कोणती रीत श्रेष्ठ हा प्रश्न मला कधी पडला नाही. मुलांना मात्र ‘रन’ म्हणजे आधी ‘न अडता पुढे सरकत राहणे’ असे सांगितले, आणि पाय त्या गतीचे केवळ एक साधन आहेत असे सांगितले, की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिला आहे.

आता पुन्हा त्या दुकानाकडे येते. न अडता पुढे सरकत राहण्यासाठी मराठीत एक क्रियापद आहेच, आणि ते ‘धावणे’ नसून ‘चालणे’ आहे. आपले घड्याळ चालते, गिरण चालते, पंखा चालतो, खटला चालतो, नाटक चालते, डोके चालते, तोंड तर फारच चालते. जत्रेतल्या उत्सवी नाटकाबद्दल गावात दुसऱ्या दिवशी ‘बरे चालले’ असे म्हणतात, आणि इंग्रजीत तेच नाटक महिनोन्‌महिने रंगभूमीवर टिकले की त्याला लाँग रन मिळाला असे म्हणतात. रायबंदरच्या धक्क्यावर पावसाळ्यात चोडणला जाणारे लोक एकमेकांना विचारतात की फेरी चालू आहे का. इंग्रजीत तोच प्रश्न ‘इज द फेरी रनिंग’ असा होतो. एखादा गुण किंवा आजार घराण्यात चालत आलेला असतो, तो इंग्रजीत रन्स इन द फॅमिली. यंत्रांच्या युगाने ‘रन’ला फार मोठे कुरण मिळवून दिले. कापडाच्या गिरण्या, आगगाड्या, छापखाने, पुढे विजेची उपकरणे आणि आता संगणकातले प्रोग्राम, असे जे जे न थांबता काम करते ते सारे त्याने आपल्या पोटात घेतले. ती सगळी यंत्रे आपल्याकडे आली तेव्हा मराठीने त्यांना निमूटपणे ‘चालणे’ बहाल केले. त्यांची यंत्रे धावली, आपली चालली, आणि कापडात मात्र काही फरक पडला नाही.

त्या मुलाच्या वाक्यातली दुसरी अडचण व्याकरणाची होती, आणि ती मला स्वतःला फार उशिरा उमगली. दुकान चालते, पण बाबा दुकान चालवतात. मराठीत मधे एक ‘व’ येतो आणि क्रियापद प्रयोजक होते, म्हणजे क्रिया करणारा एक आणि ती करवून घेणारा दुसरा असे आपण कानाला ऐकू येईल अशा रीतीने सांगतो. इंग्रजीत ‘द शॉप रन्स’ आणि ‘ही रन्स द शॉप’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप तेच राहते, आणि कोण चालते व कोण चालवतो हे केवळ शब्दांच्या क्रमावरून कळते. जर्मन भाषेत आजही ‘रिन्नेन’ आणि ‘रेन्नेन’ अशी दोन क्रियापदे आहेत. त्यांतले दुसरे मूळचे पहिल्याचे प्रयोजक रूप होते. आजच्या इंग्रजीत तो भेद एकाच रूपात मिसळून गेला आहे. ‘मग पप्पा दुकान कसे धावतील’ असे विचारताना त्या मुलाला नेमका तो हरवलेला ‘व’ हवा होता. मी त्याला ‘धावणे’ आणि ‘धावते ठेवणे’ या दोन गोष्टी इंग्रजी एकाच शब्दाने सांगते एवढे म्हटले असते तरी पुरले असते.

‘चालणे’ आणि ‘रन’ यांचे हे नाते केवळ योगायोगाचे नसावे असे मला पैशांच्या शब्दांमुळे वाटू लागले. चलनाला इंग्रजीत करन्सी म्हणतात. तो शब्द लॅटिनमधल्या ‘कुर्रेरे’ या धातूपासून आला, आणि ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणे. बँकेतले चालू खाते म्हणजे करंट अकाउंट, चालू वर्ष म्हणजे करंट इयर. त्या ‘करंट’च्या पोटातही तेच धावणे आहे. अभ्यासक्रमाला करिक्युलम म्हणतात, तोही त्याच घरातला. पोर्तुगीज भाषा लॅटिनची लेक, त्यामुळे तिच्यात धावणे हे ‘कोर्रेर’ झाले आणि टपाल ‘कोर्रैयु’ झाले. माझ्या आजीच्या पेटीत पोर्तुगीज अमलातली काही रुपियाची नाणी एका फडक्यात बांधून ठेवलेली होती. १९५८ मध्ये रुपियाच्या जागी एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो या भावाने; १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर काही काळाने एस्कुदोही गेला. आजी ती नाणी दाखवताना एवढेच म्हणत असे की ही आता चालत नाहीत. नाणे हातातून हातात सरकत राहिले तर ते नाणे, थांबले की धातूचा तुकडा, हे तिने चालण्याच्या क्रियापदात सांगितले, आणि इंग्रजीने तेच लॅटिनकडून घेतलेल्या धावण्याच्या क्रियापदात सांगितले.

मात्र इथे विद्यार्थ्याला सावध करणे आवश्यक आहे, कारण दोन वर्तुळे एकमेकांवर पडली म्हणून ती एकच होत नाहीत. ‘चहा चालेल’ याचे इंग्रजी ‘रन’ने होत नाही. ‘त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही’ यातले चालणे वेगळे, आणि प्रत्येक दुःखावर आपण जे ‘चालायचेच’ म्हणतो ते तर पूर्णपणे आपले स्वतःचे आहे. उलट दिशेने, रस्त्याला इंग्रजीत रन लागते तिथे आपण चालणे वापरत नाही. पणजीहून रायबंदरला जाणारा सतराव्या शतकातला तो सुमारे तीन किलोमीटरचा बांध खाजणातून आणि मिठागरांच्या कडेने ‘जातो’. रस्ता आपल्याकडे जातो, वळतो, फुटतो, पण चालत नाही आणि धावत तर नाहीच.

निवडणुकीचे उदाहरण मला नेहमी आवडत आले आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी रन करतो, ब्रिटनमध्ये तोच स्टँड करतो. गोव्याच्या विधानसभेच्या चाळीस जागांसाठी आपल्याकडेही माणसे उभी राहतात. जवळजवळ तीच क्रिया, आणि एका देशाने ती धावताना पाहिली, दुसऱ्याने उभी राहिलेली पाहिली. आपले ‘उभे राहणे’ ब्रिटिश वळणाशी जुळते. निवडणूक आपण लढवतोही, हे अर्थात वेगळे.

आता ज्या भागाने मुलांना सर्वांत जास्त रडवले त्याबद्दल. ‘रन’च्या मागे एखादा बारीकसा शब्द, ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’, ‘इनटू’, ‘थ्रू’, येऊन बसला की अर्थ पार बदलतो. आमच्या वेळी याच्या याद्या पाठ करून घेत, आणि मीही पहिली काही वर्षे त्या करून घेतल्या. नंतर एकदा वर्गात बोलता बोलता मला जाणवले की मराठी मुलाला ही युक्ती अजिबात परकी नाही; आपण तीच युक्ती दुसऱ्या क्रियापदाने साधतो. तो बोलून गेला, तो बोलून बसला, त्याने बोलून टाकले, तो बोलत सुटला. बोलणे तेच, पण मागच्या क्रियापदाने त्या बोलण्याला चार वेगळ्या छटा दिल्या. नकळत, पश्चात्तापासह, एकदाचे, आणि आवर न घालता. जे काम आपण ‘जाणे, बसणे, टाकणे, सुटणे’ यांच्याकडून करून घेतो, ते इंग्रजी त्या बारीक शब्दांकडून करून घेते. ‘रन ऑन’ म्हणजे बोलत सुटणे, हे मग समजावून सांगावेच लागत नाही.

वहीतली माझी सर्वांत भरलेली पाने या शब्दांचीच आहेत. ‘रन डाउन’ घ्या. बॅटरी रन डाउन झाली तर ती उतरली. माणूस रन डाउन दिसला तर तो थकलेला, अंगात त्राण नसलेला. इमारत रन डाउन असली तर ती मोडकळीला आलेली. आणि कोणी कोणाला रन डाउन केले, तर नावे ठेवली. ‘रन इनटू’ही असेच पसरलेले आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनी मैत्रीण भेटली तर अचानक गाठ पडली, गाडी विजेच्या खांबाला रन इनटू झाली तर आदळली, आणि घराच्या दुरुस्तीचा खर्च रन इनटू झाला तर तो लाखांच्या घरात गेला. हे शेवटचे ‘घरात जाणे’ मला इंग्रजी शब्दप्रयोगापेक्षा अधिक देखणे वाटते. पसऱ्यावरची उधारी रन अप होते म्हणजे चढत जाते. नाटकाचे रन थ्रू म्हणजे मधे न थांबता केलेली सलग तालीम. एखादी गोष्ट कोणाच्या समोरून रन करायची, ‘रन इट बाय समवन’, म्हणजे ती त्याच्या कानावर घालायची. इंग्रजीत ती गोष्ट ऐकणाऱ्याच्या समोरून जाते, आपल्याकडे ती थेट त्याच्या कानात पोहोचते.

‘रन आउट’वर थोडे अधिक थांबते, कारण तिथे शब्दार्थापेक्षा खोल असे काही आहे. घरातले दूध संपले की आपण म्हणतो, दूध संपले. इंग्रजीत बहुतेक वेळा संपणारे दूध नसते, माणसे असतात: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दुधातून बाहेर धावत आलो आहोत ते आम्ही. पेट्रोल, पैसे, वेळ, धीर, सगळ्यांच्या बाबतीत हेच. तापाचेही तसेच आहे. मराठीत मुलीला ताप येतो, भरतो, चढतो, उतरतो. हालचाल सगळी तापाची, मुलगी ही त्याची जागा. इंग्रजीत मुलगी स्वतः ताप रन करते. जे आपल्यावर येते, आपल्याला होते, असे आपण ‘मला’ लावून सांगतो, ते इंग्रजी माणूस ‘मी’ लावून सांगतो. हा फरक कळल्याशिवाय मुलांची वाक्ये ‘टू मी फीव्हर केम’ अशीच होत राहतात, आणि त्यांना लाल रेघेने काहीही कळत नाही. धोक्याच्या बाबतीत मात्र आमच्या वाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ इंग्रजी न शिकताच बरोबर बोलत. त्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झालेले, आणि पोर्तुगीजमध्ये ‘कोर्रेर पेरिगु’ म्हणजे शब्दशः धोका धावणे. ‘रन अ रिस्क’ ऐकून ते म्हणाले, हे तर आमचेच आहे. आपण धोका पत्करतो. युरोपातल्या अनेक भाषा तो धावतात.

म्हणींत ‘रन’ फार ठिकाणी आहे, पण मला दोनच सांगाव्याशा वाटतात. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’, म्हणजे संथ पाणी खोल वाहते. हीच गोष्ट आपण दुसऱ्या काठावर उभे राहून सांगतो: उथळ पाण्याला खळखळाट फार. त्यांनी अबोल माणसाचा गौरव केला, आपण बडबड्याला टोकले, पाणी दोघांचे एकच. दुसरा शब्दप्रयोग ‘रन अमोक’, म्हणजे पिसाट सुटणे, धुमाकूळ घालणे. यातला ‘अमोक’ मलय भाषेतला आहे, आणि तो युरोपात पोहोचला पोर्तुगीजांच्या गलबतांतून. सोळाव्या शतकाच्या आरंभी भारतात राहिलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या लेखनात जावाच्या लोकांबद्दल लिहिताना तो येतो. पोर्तुगीज आणि आशियाई भाषांतल्या शब्दांची देवघेव हा विषय निघाला की बारदेशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांचे स्मरण व्हायलाच हवे. १८५५ ते १९२२ या आयुष्यात त्यांनी कोकणी-पोर्तुगीज कोश केला आणि पुढे पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा दोन खंडांचा कोश १९१९ व १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. शब्द कुठून निघाला आणि कोणत्या बंदरातून गेला हे धीराने शोधणारा इतका मोठा अभ्यासक आपल्या मातीत झाला, हे गोव्यातल्या शाळांत आजही पुरेसे सांगितले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘रन ऑफ द मिल’ हा शब्दप्रयोग शिकवताना मला पुस्तकाची गरज पडली नाही. गिरणीतून निवड न करता, प्रतवारी न लावता निघालेला माल तो रन ऑफ द मिल, आणि त्यावरून चारचौघांसारखे, सर्वसाधारण, असा अर्थ झाला. डिचोलीकडच्या एका मुलीचे वडील खाणीवर टिप्पर चालवत. तिने हात वर करून सांगितले की पप्पा ‘आरओएम’ म्हणतात ते हेच का. अगदी हेच होते. खाणीतून निघालेले, अजून चाळलेले किंवा धुतलेले नाही असे कच्चे खनिज म्हणजे ‘रन ऑफ माइन’. तिच्या घरात तो शब्द रोज बोलला जात होता आणि इंग्रजीच्या पुस्तकातल्या शब्दाशी त्याचे नाते त्या दिवशी वर्गात जुळले. पुढे २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग काही सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्या सगळ्या वर्षांत गोव्याच्या मराठी वर्तमानपत्रांतून ‘खाणी कधी चालू होणार’ हा प्रश्न मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही, आणि दर वेळी त्या ‘चालू’वर माझी नजर अडली.

मराठीने ‘रन’चे थेट ‘धाव’ केले अशी थोडी उदाहरणे आहेत आणि ती सगळी मला प्रिय आहेत. विमानतळाची धावपट्टी. आकाशवाणीवरून ऐकलेले धावते समालोचन. शिवणातला धावदोरा, ज्यात सुई कापडाच्या आत-बाहेर सरळ रेघेत पळत जाते. आणि क्रिकेटमधली धाव, जिच्यापासून धावफलक, धावसंख्या आणि धावबाद हे शब्द इतके सहज झाले की ते अनुवाद आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्गातल्या मुलांना मी विचारत असे की चेंडू सीमेपार गेला तर फलंदाज धावतो का. नाही. तरी चार धावा मिळतात ना. मिळतात. म्हणजे धावणे पायांतून सुटून फलकावर गेले, आणि त्याबद्दल तुमच्यापैकी एकानेही कधी तक्रार केली नाही. या उदाहरणाने जेवढे काम केले तेवढे कोणत्याही व्याख्येने केले नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन कोकण रेल्वेने कुडाळला गेलो होतो. परतताना फलाटावर उभे असताना ध्वनिक्षेपकावर आधी मराठीत ऐकू आले की गाडी दोन तास उशिराने धावत आहे, मग हिंदीत तीच गाडी ‘देरी से चल रही है’, आणि शेवटी इंग्रजीत ‘रनिंग लेट’. माझ्याशेजारी पिशवीवर बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘‘टीचर, उशीर झालाय तर ती धावते कशी? आणि आता ती मागच्या स्टेशनावर उभी असेल तर?’’ आमच्याकडे दोन तास होते. मी तिला चालू वर्षाची आठवण दिली. चालू वर्षाला पाय नसतात, ते कुठे जातही नाही, तरी आपण त्याला चालू म्हणतो, कारण ते सुरू झाले आहे आणि अजून संपलेले नाही. गाडीही मुंबईहून निघाली आहे आणि मडगावला पोहोचलेली नाही. या दोन टोकांच्या मधे ती सिग्नलला उभी असली तरी इंग्रजीच्या हिशेबाने ती धावतेच आहे. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, मग पसरो रात्री बंद असला तरी रन होतो का. होतो, मी म्हटले. कुलूप लावलेले असले तरी होतो.